हिवाळी परसबाग आणि पाण्याचा हिशेब

परसबाग म्हणजे घराच्या मागील अथवा बाजूच्या मोकळ्या जागेत घरच्यापुरती भाजी, थोडी फळे व चार फुलझाडे पिकविण्याची वाडी होय. प्रत्येक प्रदेशात अशा बागेचे वर्ष कशाने तरी बांधलेले असते. ज्या देशांत कडक थंडी पडते तेथे ते हिमतुषाराने बांधलेले असते. वसंतातील शेवटचे दहिवर कधी पडेल व शरदातील पहिले कधी पडेल हे पाहून तेथील माळी पेरणी व काढणीचे दिवस ठरवितो. थंडी सुरू होण्यापूर्वी तो गळालेली पाने गोळा करून नाजूक झाडांच्या बुडाशी पसरतो, कोवळे कंद उपटून घरात ठेवतो आणि बर्फ पडू लागले की बाग मिटून घेतो. आपल्या देशातही काश्मीर खोऱ्यातील कुटुंबे उन्हाळ्यात वांगी, दुधी, टोमॅटो इत्यादी भाज्या सुकवून हिवाळ्यासाठी साठवितात. कारण बर्फाच्या दिवसांत परसात काही उगवत नाही.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत स्थिती उलट आहे. येथे पौष-माघात पहाटे गारठा पडतो, गवतावर दव साचते, सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाड्यांवर शेकोट्या पेटतात. परंतु पिकाला गोठवील अशी थंडी पडत नाही. पालेभाज्या, मुळा, कोबी, टोमॅटो यांना ही हवा मानवते. येथील बाग मिटते ती थंडीमुळे नव्हे, तर उन्हाळ्यात पाणी आटल्यामुळे. तेव्हा या भागातील परसबागेचा पाठ शिकविताना बियाण्यापूर्वी पाण्याचा विचार केला पाहिजे. कोणते पीक केव्हा व किती जागेत घ्यावयाचे, हे हाती असलेल्या पाण्यावर ठरवावे, हाच या पाठाचा मुख्य मुद्दा आहे.

जमीन व पाणी

या दोन्ही तालुक्यांत वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पावसाळा परत फिरतो. जमीन उताराची, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. त्यामुळे पाणी मुरण्यापेक्षा वाहून जाते फार. विहिरी आश्विनात काठोकाठ दिसतात, परंतु त्यांपैकी कित्येक फाल्गुन-चैत्रात तळ गाठतात.

भातसानगरच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. धरणाचा विस्तीर्ण जलाशय त्याच्या डोळ्यांसमोर आहे. ते पाणी भातसा नदीच्या पात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते. तेथून ते उपसून, पांजरापूर येथे शुद्ध करून, मुंबईस पोहोचविले जाते. मुंबईच्या पाणीपुरवठ्यापैकी जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसाचा आहे. याच तालुक्यातील तानसा धरण त्याहून जुने. ते १८९२ साली पुरे झाले. असे असूनही शहापूर तालुक्यातील अनेक गावपाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते व बायामाणसांना हंडे घेऊन दूरवर जावे लागते. या विषमतेचे उत्तर परसबागेने मिळणार नाही. ते काम योजनांचे व शासनाचे आहे. परंतु डोक्यावरून आलेला प्रत्येक हंडा दोनदा कसा वापरता येईल, हे मात्र परसबाग शिकवू शकते.

कमी पाण्यात पीक कसे साधावे याचा नमुना येथील शेतकऱ्यांनी पूर्वीपासूनच घालून दिला आहे. भाताची कापणी होताच खाचरातील ओल उडून जाण्यापूर्वी तो वाल, हरभरा अथवा मूग पेरतो. त्यास वरचे पाणी द्यावे लागत नाही. जमिनीत उरलेली ओल व रात्रीचे दव यांवर ते पीक येते. आठ-दहा दिवसांचा उशीर झाला तर मात्र माती कडक होते व बी वाया जाते. परसबागेतही हाच न्याय लागू आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जी ओल फुकट मिळते तिचा लाभ घेणारा पुढे कमी पाण्यात जास्त पिकवितो.

पाण्याचा हिशेब

हा हिशेब पाचवीचा विद्यार्थीही करू शकतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी पसरले तर ते बरोबर एक लिटर भरते. हिवाळ्यात जमीन व पाने मिळून या भागात दिवसास सुमारे चार मिलिमीटर पाणी उडवितात. म्हणजे एक चौरस मीटर वाफ्यास रोज सुमारे चार लिटर पाणी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात हाच आकडा सहा-सात लिटरपर्यंत चढतो.

आता एका कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. भांडी विसळणे, तांदूळ व भाजी धुणे, हातपाय धुणे यांतून रोज तीन हंडे पाणी मोरीतून वाहून जाते असे समजू. हंडा पंधरा लिटरचा धरल्यास हे पाणी ४५ लिटर झाले. हिवाळ्यात त्यावर अकरा चौरस मीटर बाग जगेल; चैत्रात मात्र तेवढ्याच पाण्यावर सात चौरस मीटरच जगेल. आणि पाणी दुरून आणावे लागू लागले की तीन हंड्यांचा एकच हंडा होतो. यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल की, बाग बाराही महिने सारख्याच आकाराची ठेवण्याचा आग्रह चुकीचा आहे. विहिरीचे पाणी जसजसे खाली जाईल तसतशी बागही आवरती घेत गेली पाहिजे. आश्विनात अकरा चौरस मीटर, माघात सात-आठ आणि चैत्रात केवळ मोरीजवळची चार झाडे, अशी योजना असेल तर एकही पीक अर्ध्यात सुकत नाही व एकही हंडा वाया जात नाही.

सांडपाण्याविषयी एक सावधगिरी मात्र सांगावयास हवी. साबण व सोडा यांचे पाणी पालेभाज्यांस घालू नये. त्यातील क्षारांमुळे माती चिकट व कडक होते आणि पाने करपतात. मोरीच्या तोंडाशी हातभर खोल खड्डा करून त्यात खाली मोठे दगड, मधे खडी व वर वाळू भरावी. पाणी त्यातून झिरपून केळी व कर्दळी यांच्या आळ्यांत जावे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत धरून थेट वाफ्यांस द्यावे. पाणी नेहमी सकाळी घालावे; संध्याकाळी घातल्यास रात्रीच्या दवात पाने ओली राहून रोग वाढतो.

कामांचा क्रम

*भाद्रपद-आश्विन (सप्टेंबर-ऑक्टोबर).* पाऊस सरण्याची वाट न पाहता वांगी, मिरची व टोमॅटो यांची रोपे तयार करावयास घ्यावी. त्यासाठी वीतभर उंच, एक मीटर रुंद असा गादीवाफा करावा; सपाट जागी परतीच्या पावसाचे पाणी साचून रोपे कुजतात. वर चार काठ्या रोवून पळसाच्या किंवा सागाच्या पानांचे हलके छप्पर घालावे. टोमॅटोचे रोप चार, वांग्याचे पाच व मिरचीचे सहा आठवड्यांत लावणीस येते.

बियाणे पेरण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. घटस्थापनेच्या दिवशी घरोघर मातीत धान्य पेरले जाते व नऊ दिवसांत कोणते बी किती जोमाने उगवते हे सर्वांना दिसते. हीच रीत शाळेत हिशेबाने करता येते. ओल्या फडक्यात शंभर बिया गुंडाळून ठेवाव्या, फडके रोज ओले करावे आणि आठव्या दिवशी कोंब मोजावे. ऐंशी किंवा अधिक उगवल्या तर बी चांगले. पन्नासच उगवल्या तर दुप्पट पेरावे अथवा बी बदलावे.

*आश्विन-कार्तिक (ऑक्टोबर-नोव्हेंबर).* हा बागेचा मुख्य मुहूर्त होय. जमीन कुदळीने वीतभर खणून चौरस मीटरमागे दोन-तीन किलो कुजलेले शेणखत मिसळावे. वाफे एक मीटर रुंद व तीन मीटर लांब असावे, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व आत पाय द्यावा लागत नाही. मेथी, लाल माठ, पालक, मुळा ओळीत पेरावा. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन डाळी कराव्या व रात्रभर भिजवून पेरावे. कुंपणालगत वाल व घेवडा टोचावा. रोपे लावताना वांग्यात दीड-दोन हात अंतर ठेवावे व लावणी दुपार कलल्यावर करावी.

सर्व वाफे एकाच दिवशी पेरू नयेत. एकदम पेरले तर एकदम काढावे लागतात. निम्मी भाजी कोणी खात नाही आणि मग महिनाभर वाफे रिकामे राहतात. दर आठवड्यास एक वाफा पेरावा.

*मार्गशीर्ष-पौष (डिसेंबर-जानेवारी).* मेथी व लाल माठ चार आठवड्यांत, मुळा व कोथिंबीर सुमारे सहा आठवड्यांत निघते. वांगी व टोमॅटो लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी फळतात. या दिवसांतले मोठे काम म्हणजे आच्छादन. अंगणात गळणारा पालापाचोळा, भाताचा पेंढा व तूस ही वाफ्यांवर चार बोटे जाड पसरावी. थंड देशांतील माळी मुळे गोठू नयेत म्हणून पाने पसरतो. येथे तीच पाने ऊन अडवितात, ओल धरून ठेवतात आणि तणही दाबतात. कार्य एकच, कारण निराळे.

वालावर मावा दिसू लागल्यास सकाळी दव असताना चाळलेली राख भुरभुरावी. तेवढ्याने न हटल्यास कडुनिंबाच्या वाळलेल्या निंबोळ्या कुटून, लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून, गाळून फवाराव्या. कोणतेही विषारी औषध शाळेच्या बागेत आणू नये.

*माघ-फाल्गुन (फेब्रुवारी-मार्च).* आता बाग आवरती घ्यावी. पालेभाज्यांचे नवीन वाफे महाशिवरात्रीनंतर पेरू नयेत. प्रत्येक पिकातील दोन उत्तम झाडे बियांसाठी राखून ठेवावी. बी झाडावरच पिकू द्यावे, सावलीत वाळवावे व कोरड्या राखेत मिसळून मडक्यात झाकून ठेवावे. बाजारातील संकरित वाणांचे बी असे धरू नये, कारण पुढच्या पिढीत त्यांचे गुण तसेच उतरत नाहीत. गावठी वाल, लाल माठ, गावठी वांगी यांचे बी मात्र अवश्य धरावे.

*चैत्र-वैशाख (एप्रिल-मे).* वाफे उघडे न ठेवता पेंढ्याने झाकून विश्रांती द्यावी. या काळात घरास हिरवा पाला देणारे झाड म्हणजे शेवगा. त्याची फांदी पावसाच्या आरंभी रोवली की एक-दोन वर्षांत झाड मोठे होते, फारसे पाणी मागत नाही आणि शेंगांइतकाच त्याचा पालाही खाण्यास उपयोगी पडतो. ज्या घरी केवळ एकच झाड लावण्यापुरती जागा आहे तेथे शेवगा लावावा.

अंगणाची निगा

पावसाळ्यात चिखल झालेले अंगण दिवाळीपूर्वी नीट करण्याची रीत गावोगाव आहे. खड्डे मुरमाने बुजवून, पाणी शिंपून, चोपण्याने चोपून वर शेणाचा सारा घालतात. हे करीत असताना अंगणाचा उतार घराकडून बागेकडे राहील असे पाहावे; म्हणजे सड्याचे व हातपाय धुतलेले पाणीही झाडांच्या आळ्यांत जाईल आणि डबके साचून डास होणार नाहीत.

झाडलेला कचरा जाळण्याची सवय सोडवावी. या भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात व त्याकरिता झाडांचे टाहाळ तोडले जातात. वर अंगणातील पाचोळाही आपण काडी लावून राख करून टाकतो. तोच पाचोळा, शेण व चुलीतील थोडी राख एकावर एक थर देऊन कोपऱ्यातील खड्ड्यात भरली व आठवड्यास पाणी शिंपडले तर तीन-चार महिन्यांत उत्तम खत तयार होते. खड्डा व पेंढ्याची गंज घरापासून दूर असावी, कारण अशा ढिगात विंचू व साप आसरा घेतात. पाचोळा उचलताना मुलांनी हात न घालता दाताळे वापरावे.

कुंपणाचा विचार कापणीपूर्वीच करावा. भात निघाले की गुरे मोकळी सुटतात आणि शेळ्या तर एका सकाळी सर्व वाफे फस्त करतात. बोरीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण तात्पुरते चालेल. परंतु पावसाळ्यात निरगुडी अथवा एरंड लावून जिवंत कुंपण करावे हे उत्तम.

शाळेतील उपयोग

ठाणे जिल्ह्याच्या शिक्षणाच्या इतिहासात अंगण व वाडी या शब्दांना विशेष अर्थ आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना तेथे रुजली व पुढे देशभर गेली. मुलांच्या घरच्या अंगणातूनही शिक्षण होऊ शकते, हे त्या कार्याने दाखवून दिले.

आज शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गाच्या प्रत्येक मुलास रोज ५० ग्रॅम भाजी द्यावयाची असते. शाळेत परसबाग करण्याविषयी केंद्र शासनाने २०१९ साली मार्गदर्शक सूचनाही दिल्या आहेत. चाळीस मुलांच्या शाळेस रोज दोन किलो भाजी लागते. तीन चौरस मीटरचा मेथीचा वाफा चांगला साधल्यास सुमारे दोन किलो भाजी देतो. म्हणजे एक वाफा ही एका दिवसाची भाजी झाली. चाळीस मुलांच्या हात व ताटे धुण्याचे पाणी दरडोई दीड लिटर धरल्यास ६० लिटर होते आणि त्यावर पंधरा चौरस मीटर, म्हणजे असे पाच वाफे जगतात. चार आठवडे वाढीचे व एक आठवडा पुन्हा तयारीचा धरल्यास दर आठवड्यास एक वाफा काढणीस येईल. वाया जाणाऱ्या पाण्यातून आठवड्यास एक दिवस शाळेची सर्व मुले स्वतः पिकविलेली ताजी हिरवी भाजी खातील. हिरव्या पाल्यातील लोह अंगी लागावे म्हणून वर लिंबाची फोड पिळावी. तेव्हा बांधावर एक लिंबाचे झाडही असावे.

एका गोष्टीकडे शिक्षकांनी मुद्दाम लक्ष द्यावे. दिवाळीनंतर या दोन्ही तालुक्यांतील अनेक कातकरी व इतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात. हंगामी वसतिगृहाची सोय झाली अथवा आजी-आजोबा गावी राहिले तर मुले शाळेत टिकतात. नाही तर तीही आईबापांबरोबर जातात. अशा मुलांच्या हाती घटस्थापनेच्या सुमारास लाल माठ किंवा मेथी द्यावी. ती चार आठवड्यांत येते व निघण्यापूर्वी त्यांना आपल्या हातची भाजी खावयास मिळते. त्यांच्या हातून वांगी लाववून फळ मात्र दुसऱ्यांनी खावे, असे होऊ देऊ नये. जाताना प्रत्येकास चिमूटभर बी पुडीत बांधून द्यावे. भट्टीवरील झोपडीच्या न्हाणीजवळही चार रोपे उगवतात. त्यांच्या नावाचा वाफा शाळेत राखून ठेवावा आणि परत आल्यावर तो त्यांच्याच स्वाधीन करावा. आपली जागा कोणी घेतलेली नाही हे पाहिल्यावर मूल वर्गातही लवकर रुळते.

विद्यार्थ्यांकडून करून घ्यावयाची कामे

१. घरी मोरीतून रोज किती पाणी वाया जाते ते तीन दिवस बादलीने मोजा व सरासरी काढा. तेवढ्या पाण्यावर हिवाळ्यात किती चौरस मीटर बाग जगेल? एप्रिलमध्ये किती?

२. गावच्या विहिरीतील पाण्याची खोली कार्तिक ते चैत्र या काळात दर महिन्यास दोरीने, मोठ्या माणसांच्या सोबतीने, मोजून तक्ता करा. पाणी सर्वांत वेगाने कोणत्या महिन्यात उतरले?

३. दोन सारखे वाफे घ्या. एकावर पाचोळ्याचे आच्छादन घाला, दुसरा उघडा ठेवा. पाणी सारखेच द्या. आठ दिवसांनी माती बोटभर उकरून ओल पाहा व फरक लिहा.

४. आजी किंवा शेजारच्या वृद्ध बाईंस विचारून, पूर्वी परसात लावीत असत परंतु आता दिसत नाहीत अशा पाच भाज्यांची नावे लिहून आणा. त्यांपैकी एखादीचे बी कोणाकडे शिल्लक आहे काय, याचा शोध घ्या.

५. धरणातील पाणी भातसानगरपासून मुंबईपर्यंत कसे जाते याचा नकाशा काढा. त्याच नकाशावर आपल्या गावास उन्हाळ्यात पाणी कोठून येते तेही दाखवा. दोन्ही वाटांची तुलना करून पाच वाक्ये लिहा.